खुणेवरचं तेल

१

गाडी बालवाडीच्या फाटकावर आदळली तेव्हा सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि मागच्या सीटवर चार वर्षांची मुलगी बसलेली होती.

आदळली म्हणजे तशी फार नाही. लोखंडी फाटकाला पोचा आला, पुढचा एक दिवा फुटला आणि पोरीचा खालचा ओठ तिच्याच दाताखाली आला. बालवाडीच्या बाईंचा फोन आला तेव्हा त्यांनी 'काही नाही, थोडंसंच' असं तीनदा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा ऐकल्यावर ती, म्हणजे पोरीची आई, उठलीच. लॅपटॉपवरची मीटिंग तशीच बोलती सोडून ती चढण धावत गेली.

सासरे गाडीशेजारी उभे होते. हात पाठीमागे बांधलेले, मान थोडी खाली. आयुष्यभर गोदीत क्रेन चालवलेला माणूस. एवढ्या वर्षांत कधी एक पेटी कुणाच्या डोक्यावर पडू दिली नाही. ही गाडीही त्यांचीच. अठरा वर्षांची, ऑटोमॅटिक गिअरची, क्लच नसलेली, पुढे जायला नुसती 'डी' मध्ये टाकायची, त्यांनी नवी घेतलेली आणि अजून धाकट्या मुलासारखी सांभाळलेली. ते सगळ्यांना एकच सांगत होते, बाईंना, रखवालदाराला आणि मग सुनेला. "डी मध्ये टाकली. गेली नाही. थोडा पाय दिला. तरी नाही. मग एकदम झेपावली."

रखवालदार म्हणाला, इंजिन केवढ्यांदा तरी ओरडलं आणि मग गाडी आली. बाईंनी ज्या नजरेने म्हाताऱ्याच्या पायांकडे पाहिलं, त्यात सगळं आलं. ब्रेकऐवजी भलतीकडेच पाय पडला. या वयात होतं.

त्या संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "बाबांच्या हातात आता गाडी नको."

हळूच म्हणाली होती. पण पलीकडच्या खोलीत बाबांच्या बातम्या चालू होत्या, त्या मध्येच बंद झाल्या.

२

ती काळजी करणारी होती हे घरात सगळ्यांना पाठ होतं. पोरीच्या तापाची वही, दूध कधी आणलं त्याची नोंद, गॅसची नळी कधी बदलली त्याची तारीख. नवरा म्हणायचा, तू झोपेतही मोजत असतेस. गाडीचंही तेच. पोर रोज गाडीतून जाणार म्हटल्यावर गाडीची जबाबदारी तिने दोन महिन्यांपूर्वी स्वतःकडे ओढून घेतली होती. दर रविवारी सकाळी, रस्ता रिकामा असताना, चाकांची हवा, काच पुसायचं पाणी, इंजिनचं तेल, गिअरबॉक्सचं तेल. वडिलांच्या गाडीला लहानपणी त्यांच्याबरोबर ती हे करायची, तेव्हापासूनची सवय. त्याच सुमाराला गॅरेजवाल्याने गिअरबॉक्सचं तेल बदललं आणि तेल मोजायच्या पट्टीवरच्या खुणेपेक्षा चांगलं दोन बोटं जास्त भरलं, तेही तिच्याच लक्षात आलं. जास्त तेलाला फेस येतो हे तिने वाचलं होतं. कुणाला चूक दाखवून वाईटपणा कशाला, म्हणून तिने मुकाट्याने पट्टीच्या भोकातून पोरीच्या माशांच्या टाकीची बारीक नळी घातली आणि तीन रविवारांत थोडं थोडं तेल काढून खुणेवर आणलं. वहीत लिहिलं: बरोबर.

अपघातानंतरच्या रविवारीही तिने हे सगळं केलं. सगळं बरोबर होतं. गाडीत काही नव्हतं. मग उरलं काय?

त्याच दुपारी बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. ती भांडी लावत होती.

"तू शिकलेली आहेस," ते म्हणाले. "आणि गोड बोलायचं म्हणून खोटं बोलणार नाहीस. माझं डोकं चालेनासं झालंय का?"

तिने हातातलं झाकण ओट्यावर ठेवलं.

"माझ्या दादाचं असंच सुरू झालं होतं," ते म्हणाले. "आधी गाडी. मग घराचा रस्ता. शेवटी कंगव्याने भात खायला बसला होता."

ती म्हणाली, असं काही नाही. पण ते तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि तिचं तोंड काय सांगत होतं कुणास ठाऊक; ते 'बरं' म्हणून वळले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गॅस पेटवणं सोडलं. सकाळचं दूध गेली कित्येक वर्षं ते तापवायचे. आता पातेलं ओट्यावर ठेवून ते सुनेच्या उठण्याची वाट बघत खुर्चीत बसायचे.

शनिवारी नणंद येणार होती. गाडीची किल्ली काढून घ्यायची आणि बाबांना मेंदूच्या डॉक्टरांकडे न्यायचं, असं भावाबहिणींचं फोनवर ठरत आलेलं होतं. ठरायची सुरुवात तिच्याच वाक्यापासून झाली होती.

एक गोष्ट मात्र तिला टोचत होती. बाबांनी तीन माणसांना तीच पाच वाक्यं सांगितली, त्याच क्रमाने, एक शब्द इकडचा तिकडे न करता. गोंधळलेल्या माणसाची हकिगत दर वेळी बदलते. यांची बदलली नव्हती.

मग खोटं कोण बोलत होतं? गाडी?

३

नवऱ्याला तिने जेवताना विचारलं, गाडी चालवताना कधी काही वाटलं का. तो म्हणाला, लोण्यासारखी चालते. बाबा शाळेतून आले की लगेच तो घेऊन कामावर जातो, सरळ सपाट हमरस्ता, कधी गचका नाही की आवाज नाही. संध्याकाळी? संध्याकाळीही नाही. गाडीत बसतो, एसी लावतो, दहा मिनिटं दिवसभराचे राहिलेले फोन उरकतो आणि निघतो.

"आणि बाबा म्हणाले होते मागे, सकाळी शिटी वाजते म्हणून," ती म्हणाली.

"बाबांना हल्ली बरंच काही ऐकू येतं," नवरा म्हणाला, आणि मग स्वतःलाच ते आवडलं नाही म्हणून पाणी आणायला उठला.

शिटीचं तिलाही आठवलं. महिन्यापूर्वी, थंडी पडायला लागली तेव्हा. गाडी सुरू केली की कुंई असा बारीक आवाज येतो, पाय दिला की वाढतो, असं बाबा म्हणाले होते. कुणीच लक्ष दिलं नाही. तिनेही नाही, कारण वहीत सगळं बरोबर होतं.

नणंदेला तिने फोन केला. नणंदेने घर बदलताना दोन दिवस गाडी नेली होती, आणि कपाटं, पुस्तकं, धुण्याचं मशीन असं काय काय कोंबून घाटवाटेने चार फेऱ्या मारल्या होत्या. एवढ्या ओझ्याने जुना गिअरबॉक्स भाजून निघू शकतो, हे तिने वाचून ठेवलेलं होतं.

"म्हणजे आता मी आरोपी का?" नणंद म्हणाली. "वहिनी, तूच म्हणालीस ना बाबांना गाडी देऊ नका म्हणून? मग आता वकिली कुणाची करतेस?"

पण फोन ठेवता ठेवता नणंदेने एक सांगितलं. गिअरबॉक्स भाजला असता तर तेलाला करपट वास आला असता. तिच्या जुन्या गाडीचं तसंच झालं होतं, काळं तेल, आठवडाभर हाताचा वास जाईना. "बघ जाऊन नाकाने," ती म्हणाली.

तिने बघितलं. पट्टी काढून पांढऱ्या कागदावर टेकवली. लालसर, स्वच्छ, सरबतासारखं. वास नावाला नाही.

म्हणजे नणंद सुटली. उरला गॅरेजवाला.

४

गॅरेजवाल्याला सगळे डॉक्टर म्हणायचे, कारण एक लांब लोखंडी सळई इंजिनला लावून, दुसरं टोक कानाला टेकवून, डोळे मिटून तो आवाज ऐकायचा. फुटलेला दिवा बदलायला सोमवारी दुपारी नवऱ्याने गाडी त्याच्याकडे नेली होती. कामावरून सरळ, अर्ध्या तासाच्या रस्त्याने. ती मंगळवारी पायी गेली आणि स्टुलावर बसून राहिली.

तिचा संशय सरळ होता. बदलताना चुकीचं तेल घातलं असेल. डॉक्टरने न रागावता रिकामा डबा शोधून काढला. गाडीच्या पुस्तकातला तेलाचा क्रमांक तिने पाठ करून आणलेला होता. डब्यावर तोच होता.

आणि भरताना? त्याने बोटावर मोजून सांगितलं, किती काढलं, किती घातलं. त्याच्या हाताला घाई नव्हती, आवाजात लपवाछपवी नव्हती. पण दोन बोटं जास्त भरलेलं तेल तिने स्वतः पाहिलं होतं. तेवढं तिने मनातच ठेवलं.

डॉक्टर म्हणाला, सोमवारी त्याने गाडी चांगली दोन किलोमीटर पिदडली. गिअर पडतायत, आवाज नाही. तेलाची पातळी त्याने बघितली नव्हती. दिवा बदलायला आला तेव्हा नवरा म्हणाला होता, ती बायको दर रविवारी बघते, वहीत लिहून ठेवते.

"खुणेवर आहे ना?" त्याने आता तिलाच विचारलं.

"बरोबर खुणेवर."

"मग ताई, गाडीचा दोष नाही. माझ्या अर्ध्या गिऱ्हाइकांना पट्टी कुठे असते तेही ठाऊक नसतं. तुमच्या वहीवर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर ठेवायचा?" सळई भिंतीला टेकवून तो जरा थांबला. "माझ्या वडिलांची मी काढून घेतली होती किल्ली. वाईट वाटतं चार दिवस."

तिने तरी हार मानली नाही. गळती असेल म्हणून दोन रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा पसरून ठेवला आणि सकाळी गुडघ्यावर बसून बघितला. एक थेंब नाही. तेल गळत नव्हतं, भाजलं नव्हतं, चुकीचं नव्हतं, कमी नव्हतं. एकेक दार तिने लावत नेलं होतं आणि शेवटी उघडं राहिलं ते एकच, ज्याच्या आत बाबा बसले होते.

गुरुवारी ती पुठ्ठा घडी करून वर आली तर जेवणाच्या टेबलावर किल्ली होती. शेजारी बाबांचं लायसन्स.

"शनिवारपर्यंत कशाला थांबायचं," बाबा म्हणाले. "माझ्यामुळे सगळ्यांना जमावं लागतंय."

५

शुक्रवारी सकाळी आठ वाजता तिने पोरीला शेजारच्या काकूंबरोबर पायी पाठवलं आणि ती किल्ली स्वतः घेतली.

का, ते तिला नीट सांगता आलं नसतं. पुठ्ठ्याशी बसल्या बसल्या तिला एवढंच सुचलं होतं की नवरा ती गाडी चालवतो तेव्हा ती गरम असते. कधी बाबांनी आधी चालवलेली असते, कधी एसी लावून दहा मिनिटं तापलेली. डॉक्टरकडेही ती अर्धा तास धावूनच गेली होती. रात्रभर गारठलेली गाडी घेऊन ताबडतोब चढणीला लागणारा माणूस घरात एकच होता. म्हणजे सगळे म्हणत होते ती एकच गाडी नव्हतीच. दोन होत्या: सगळ्यांची गरम गाडी आणि बाबांची थंड गाडी.

तिने गाडी सुरू केली. कुंई. बारीक, एका सुरात, दातावर दात घासल्यासारखा आवाज. पाय दिला तसा वाढला.

चढणीवर, फाटकाच्या थोडं अलीकडे ती बाबांसारखीच थांबली, कारण तिथे मुलं रस्ता ओलांडतात. ब्रेक सोडला. पाय दिला. गाडी जागची हलली नाही. इंजिनचा आवाज चढला. गाडी उलट थोडी मागेच सरकली. तिने खाली वाकून स्वतःच्या पायाकडे बघितलं. पाय योग्य ठिकाणी होता. आणखी जरासा दिला, आणि तेवढ्यात खालून कुणीतरी लाथ मारावी तशी गाडी पुढे झेपावली.

मोकळा रस्ता होता म्हणून बरं. डी मध्ये टाकली. गेली नाही. थोडा पाय दिला. तरी नाही. मग एकदम झेपावली. बाबांचा एक शब्दही चुकलेला नव्हता.

शाळेमागच्या सपाट मैदानात तिने गाडी नेली, गिअर पार्कमध्ये टाकला, हँडब्रेक ओढला. इंजिन बंद करायचंही तिला सुचलं नाही. तसंच घरघरतं ठेवून तिने बॉनेट उघडलं, गिअरबॉक्सची पट्टी ओढली, पुसली, परत घातली, काढली.

पट्टी कोरडी होती. खुणेजवळ सोडा, टोकालाही धड तेल नव्हतं.

तिने चारदा पुसून चारदा बघितलं. मग दबकत दबकत घरी आली, गाडी बंद केली, खाली उभी राहिली. गाडी गार झाल्यावर, तासाभराने, रविवारसारखंच बॉनेट उघडून पट्टी काढली.

बरोबर खुणेवर.

६

त्या दुपारी ती पलंगाच्या कडेवर बसून राहिली. पोर घरी आली, जेवली, झोपली. तिला हसावं की रडावं कळेना. मैदानात नसलेलं तेल घराखाली येऊन कसं उभं राहतं? कुणी ओतलं? तिच्याशिवाय बॉनेटला कुणी हात लावला नव्हता. क्षणभर तिला वाटलं, बाबांचं जे काही आहे ते आपल्यालाही लागलं की काय.

चार वाजता इमारतीचा पाण्याचा पंप सुरू झाला. रोजचा घुमणारा आवाज. खालच्या मजल्यावरची बाई रोजच्यासारखी खिडकीतून इमारतीच्या रखवालदाराला ओरडली, खालची टाकी रिकामी झाली रे, पंप बंद कर. आणि रखवालदाराने रोजचंच उत्तर दिलं, की पाणी गेलंय कुठे बाई, वर चढलंय.

ती उठून उभी राहिली.

पाणी वर चढलंय. पंप चालू असताना खालच्या टाकीत काठी घातली तर ती कमी दाखवणार, कारण उरलेलं पाणी नळ्यांमध्ये आणि वरच्या टाकीत कामावर गेलेलं असतं. या गिअरबॉक्सलाही पंप असतो. इंजिन चालू झालं की तो तेल खेचून वर, आत, सगळीकडे ढकलतो. त्या तेलाच्या दाबावरच गिअर पकडतात. आणि इंजिन बंद झालं की सगळं तेल निवांत खाली येऊन बसतं. बंद गाडीत पट्टी घातली की तेल जास्तच दिसणार. चांगलं दोन बोटं जास्त.

डॉक्टरने जास्त भरलेलंच नव्हतं. त्याने अगदी बरोबर भरलं होतं.

आता सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं, आणि तिला ते नको होतं. तेल कमी, म्हणून पंप तेलाबरोबर हवा ओढतो, म्हणून शिटी. थंडीत तेल आक्रसतं, म्हणून शिटी थंडी पडल्यावर सुरू झाली. चढणीला उरलंसुरलं तेल एका बाजूला जातं, म्हणून गिअर पकडत नाही. आणि उशिरा पकडतो तेव्हा इंजिन ओरडत असतं, म्हणून गाडी उडी मारते. गळती कुठून दिसणार? तेल गळलं नव्हतंच. ते कुणीतरी काळजीपूर्वक, माशांच्या टाकीच्या नळीने, तीन रविवारी काढून घेतलं होतं. तिच्या वडिलांच्या गाडीला क्लच होता. तिथे तेल बंद गाडीतच बघायचं असतं, आणि तेवढंच तिला शिकवलेलं होतं.

गॅलरीत धुण्याच्या मशीनमागे बाटली अजून होती. पाण्याची मोठी बाटली, बुडापासून मानेपर्यंत लालसर, सरबतासारखी.

७

शनिवारी नणंद आली. सगळे टेबलाभोवती बसले. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ मंगळवारी मिळत होती. कुणी बोलायला सुरुवात करायच्या आत तिने ती बाटली आणून किल्लीशेजारी ठेवली.

"हे मी काढलं," ती म्हणाली. "फाटकावर गाडी मी घातली. बाबा फक्त आत बसले होते."

मग तिने सगळं सांगितलं, मैदानातली कोरडी पट्टी, पंप, वही. सांगताना ती एकदाही नवऱ्याकडे बघू शकली नाही. शेवटी नणंद एवढंच म्हणाली, की वहिनी, मला आरोपी करून निदान चहा तरी पाजायचास. कुणी हसलं नाही, पण सगळ्यांनी श्वास सोडला.

बाबा बाटलीकडे बघत होते.

"मी बघितलं होतं तुला," ते म्हणाले. "गेल्या रविवारी. एरवी मी त्या वेळी फिरायला जातो. गाडी ठोकल्यापासून जात नव्हतो, तर खिडकीत बसलो होतो. तू बॉनेट उघडून पट्टी काढलीस आणि इंजिन बंद. अठरा वर्षं मी या गाडीचं तेल इंजिन चालू ठेवून बघत आलो."

"मग बोलला का नाहीत, बाबा?" नवऱ्याने विचारलं.

"मला वाटलं, मीच उलटं लक्षात ठेवलंय." ते सुनेकडे वळले. "तू वहीत लिहितेस. चुकलं असेल तर माझंच चुकलं असेल, असं वाटलं. म्हणून तर दुपारी तुला येऊन विचारलं, डोकं चालत नाही का. तुझा चेहरा बघितला. मग खात्रीच झाली."

ती काहीतरी म्हणायला गेली. त्यांनी हात वर केला, क्रेनखालच्या माणसाला थांब म्हणतात तसा.

"चूक कुणाच्याही हातून होते. पण सहा दिवस मला माझंच काही खरं वाटत नव्हतं. आंघोळीला जाताना मी दाराची कडी लावत नव्हतो, परत काढता येईल की नाही म्हणून. एवढं लक्षात ठेव."

तिने मान हलवली. माफी मागायची तेवढी राहून गेली.

डॉक्टरने त्याच दुपारी येऊन नवं तेल भरलं. इंजिन चालू ठेवून, गाडी गरम करून. बाटलीतलं नको म्हणाला. मंगळवारची वेळ नणंदेने फोनवरून रद्द केली. मग तीच थबकली आणि म्हणाली, करू ना रद्द? कुणालाच पटकन हो म्हणता आलं नाही. शंका एकदा घरात आली की कारण सापडलं म्हणून लगेच उठून जात नाही, हे सगळ्यांनाच थोडंथोडं कळलं होतं. बाबाच म्हणाले, "कर."

सोमवारी सकाळी ती पोरीला घेऊन खाली आली. बाबा आधीच गाडीत बसलेले. इंजिन चालू होतं, शिटी नव्हती. त्यांचे दोन्ही हात स्टीअरिंगवर होते आणि नजर समोर, पण गाडीतला माणूस निघायला तयार दिसत नव्हता.

"तूही बसतेस का?" त्यांनी विचारलं. "आजच्या दिवस."

तिला बसायचं होतं. अगदी पोटातून. पोरीचा पट्टा लावताना तिचा एक पाय आपसूक गाडीत गेलाही होता. काच अर्धी खाली, पोरीच्या ओठावरची खपली अजून पूर्ण गेलेली नव्हती, चढण समोर दिसत होती. पट्टी आपण काल दोनदा बघितली, की तीनदा? चालू ठेवूनच ना?

बाबा आरशातून बघत होते. त्यांनी ते सहज विचारलेलं नव्हतं, आणि त्यांना कुठलं उत्तर हवं होतं हे तिला कळेना. ती बसली तर त्यांना धीर येईल, की उरलासुरलाही जाईल?

"मला काम आहे, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही या जाऊन."

तिने पाय बाहेर घेतला आणि दार लावलं. बाबांनी गिअर टाकला. गाडी लगेच, गचका न देता, निघाली.